तुझा फोन मी का उचलला नाही

सातपूर, नाशिक
मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय हिरामण,

सातपूरहून नौशादचा सलाम आणि रामराम, दोन्ही. तू रागावला नसशील तर एक गळाभेटही धर.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे कुणी गेलेलं नाही. (पोस्टमनने पाकीट आणलं की तुमच्या पाड्यावर ते फोडायच्या आधीच बायका रडायला लागतात, असं तूच मला सांगितलं होतंस, म्हणून पहिल्या ओळीतच खुलासा.) मी, तुझी भाभी गुलजार आणि गुलजारचे गुडघे, तिघंही जागेवर आहोत. लेक खुशनुमा अजून त्याच ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि घरी आली की उरलेलं मला शिकवते. चिमणावहिनींचा पाय आता कसा आहे? प्लास्टर निघालं का? जमिनीवर टेकतात का? आपल्या शॉपचा देवराम बँकेत भेटला तेव्हा त्याच्याकडून कळलं, तेव्हापासून जिवाला चैन नाही. तुझ्या स्ट्रॉबेरीला फुलं धरली असतील आता. कंपनीच्या कँटीनमध्ये ताटात बीट दिसलं की ताट सरकवणारा माणूस म्हातारपणी लाल फळाची शेती करतो, हे इथे गेटवरच्या कुणालाच पटत नाही. मी शपथेवर सांगतो, तरी पटत नाही.

आता मुद्द्याचं. तू रोज संध्याकाळी साडेपाचला फोन करतोस आणि गेले पाच आठवडे मी तो उचलत नाही. याला शास्त्रीय कारण आहे. खाली बसून, चहा घेऊन, शांतपणे वाच.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये एका गृहस्थांचं व्याख्यान झालं. विषय होता ‘मोबाईलच्या लहरी आणि आपला मेंदू’. अंगात कोट, हातात एक छोटं यंत्र. यंत्र फोनजवळ नेलं की चिमणीसारखं ओरडायचं. तळमजल्यावरच्या लताबाईंचा फोन त्यांनी उदाहरणाला घेतला. त्या बिचाऱ्या फोनने आजवर भजनांशिवाय काही वाजवलेलं नाही, पण त्या दिवशी यंत्र त्याच्यावर असं काही ओरडलं की लताबाईंनी तो परत घ्यायलाच नकार दिला. मी उठलो. (एकतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस, बसवतच नाही.) विचारलं, ‘‘साहेब, या मीटरचं कॅलिब्रेशन कधी झालं?’’ ते म्हणाले, ‘‘काका, आधी चहा घ्या.’’ आपल्या शॉपमध्ये असं उत्तर देणाऱ्याला मी गेटबाहेर काढला असता. पण घरी आलो तेव्हा त्यांची ती लहरी शोषून घेणारी गोल चकती माझ्याच फोनच्या पाठीवर चिकटलेली होती. गुलजारने विचारलं, हे काय? मी म्हणालो, तपासणीसाठी नमुना आणलाय.

मग मी फोनचं पुस्तक शोधून काढलं. हे पुस्तक प्रत्येक फोनबरोबर खोक्यात येतं आणि कुणीही वाचत नाही, कारण त्याची अक्षरं मुंगीने लिहिलेली असतात. भिंग लावून वाचलं. आत स्पष्ट छापलंय की फोन शरीरापासून पंधरा मिलिमीटर लांब धरावा. मला धक्का पंधरा मिलिमीटरचा बसला नाही, पुढे काहीच नव्हतं याचा बसला. प्लस किती, मायनस किती? टॉलरन्सच नाही! अशा ड्रॉइंगवर आपण कधी माल पास केला असता का? तेव्हा मी स्वतःच ठरवलं, प्लस-मायनस पाव मिलिमीटर. रियाजकडे गेलो (आपला टूलरूमचा रियाज, आता शेडमध्ये स्वतःचा लेथ टाकून बसलाय) आणि नायलॉनची एक कडी करून घेतली. तीन ठिकाणी व्हर्नियर लावला, पंधरा पूर्णांक शून्य दोन. ती कडी रबरबँडने फोनला बांधली, की कान आणि फोन यांच्यामध्ये आपोआप बरोबर अंतर. रियाजने एकदाच विचारलं, ‘‘चाचा, पण यातून ऐकू येतं का?’’ मी म्हणालो, ऐकू येणं हा वेगळा विभाग आहे, आपला विभाग सेफ्टीचा.

ही कडी लावून मी बसने सीबीएस स्टँडला निघालो, तर शेजारच्या माणसाने बराच वेळ बघून विचारलं, ‘‘काका, हे कानाचं नवीन मशीन आहे का? माझ्या सासऱ्यांना पाहिजे होतं.’’ मला इतका संताप आला की मी एक स्टॉप आधी उतरलो. बहिरा समजतो काय मला!

त्यानंतर पुस्तकातल्या दुसऱ्या कलमाची अंमलबजावणी केली. बोलत नसाल तेव्हा फोन खिशात बाळगू नका, लांब ठेवा. लांब म्हणजे कुठे? दोन खोल्यांच्या घरात लांब म्हणजे स्वयंपाकघर. आणि तिथे लहरी अडवणारी एकच जाड वस्तू होती, गुलजारचा ज्वारीच्या पिठाचा स्टीलचा डबा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो, ती आतून धावत आली. ‘‘अजी, आटा बज रहा है!’’ म्हणे. पीठ वाजतंय. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत घालून फोन बाहेर काढला, स्क्रीनवरचं पीठ पदराने पुसलं तर खाली तुझं नाव. ‘हिरामण सुरगाणा’. तिने माझ्याकडे धरला. मी लहरींचं कारण सांगून घेतला नाही. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि भाकरीही रुसल्यासारखी लागली.

आता जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश एवढं दाबलं की बऱ्याच फोनांत आपल्या लहरींचा आकडा पडद्यावर येतो. डोक्यापाशी इतका, अंगापाशी इतका. आपल्या देशात किलोमागे एक पूर्णांक सहा वॉट ही हद्द. त्याच्या आत तर पास, बाहेर तर रिजेक्ट. हिरामण, तूच सांग, हे वाचल्यावर इन्स्पेक्शनच्या माणसाने घरी बसावं? मी वही घेतली आणि सकाळी सातपूरच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. पाळीला निघालेली पोरं, कॉलेजच्या मुली, जो भेटेल त्याला सांगायचं, बाबा, फोन काढ, हे दाब, आकडा सांग. पहिल्या अकरा जणांचे आकडे नीट लिहून झाले, सगळे पास. बारावी भाजीवाली फुलाबाई. तिला मी म्हणालो, ‘‘मावशी, फोन काढा आणि मी सांगतो तो नंबर दाबा.’’

हल्ली फोनवरून लोकांना कसं फसवतात ते तुला माहीत आहेच. फुलाबाईच्या लेकीने तिला बजावून ठेवलं होतं म्हणे, कुणी अनोळखी माणूस नंबर दाबायला सांगेल तर आधी ओरड. तिने आज्ञा तंतोतंत पाळली. दोन मिनिटांत माझ्याभोवती तीसेक माणसं. एकाने वही उघडली, आत अकरा लोकांची नावं आणि पुढे आकडे. संपलं. मला चौकीत नेलं. (फुलाबाईने वाटेत माझी पिशवी धरली होती, मी पळू नये म्हणून. पण उन्हात मला चक्कर आल्यासारखं वाटलं तर त्याच बाईने टोपलीतली काकडी काढून दिली आणि पिशवी तशीच धरून ठेवली.) हवालदार भला माणूस. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मग दार लोटून स्वतःच्या फोनवर हळूच स्टार, हॅश दाबलं आणि विचारलं, ‘‘काका, पॉइंट नऊ आठ म्हणजे कसं?’’ मी म्हणालो पास. तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने खुशनुमाला बोलावून घेतलं.

खुशनुमाने मला स्कूटरवर बसवलं, पण घरी न नेता वाटेत एका रसवंतीपाशी थांबली. रागावेल असं वाटलं होतं, रागावली नाही. माझ्या समोर बसून सावकाश बोलली.

‘‘अब्बा, हा आकडा फोन पूर्ण जोर लावतो तेव्हाचा असतो. रोज तो एवढा जोर लावतच नाही.’’

‘‘मग कधी लावतो?’’

‘‘रेंज कमी असली की. टॉवर लांब असला तर तिथपर्यंत पोचायला त्याला जास्त ताकद लागते. म्हणून रेंज नसेल तिथे फार वेळ बोलू नये, फोन कानाला दाबून धरू नये, स्पीकर लावावा, बस. या हद्दीच्या आत अपाय होतो असं अजून तरी सिद्ध झालेलं नाही. अभ्यास चालू आहेत. आणि ती चकती काढून टाका. ती सिग्नल अडवते, म्हणून फोन उलट आणखी जोर करतो. पिठाच्या डब्यातही तेच.’’

म्हणजे महिनाभर मी सेफ्टीच्या नावाखाली फोनला जास्तीत जास्त ओरडायला लावत होतो. मी रस प्यालो नाही. मला एकदम तू दिसलास. तुझ्या पाड्यावर रेंज नाही. तू रोज संध्याकाळी गुरं बांधून त्या टेकाडावर चढतोस, सादड्याच्या झाडाखालच्या दगडावर उभा राहतोस, तेव्हा कुठे एक काडी मिळते, तीही वारा तुझ्या बाजूने असला तर, असं तू म्हणायचास. आणि ते बटणांचं डबडं कानाला घट्ट दाबून तू माझ्याशी अर्धा-अर्धा तास बोलायचास. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात जर कुठला फोन सगळ्यात जास्त जोर लावत असेल, तर तो तुझा. आणि कुणासाठी? माझ्यासाठी. म्हणून त्यानंतरही उचलला नाही. तू वर चढायचं बंद करशील असं वाटलं. तू केलं नाहीस.

आणि बोलायचो तरी काय आपण? काही नाही. तू सांगायचास ओढ्यात खेकडे कमी झाले, भाताला लोंब्या आल्या, वरच्या पाड्यावर कुणाची म्हैस तीन दिवस सापडत नाही. मी सांगायचो लताबाईंनी जिन्यात पुन्हा कुंड्या ठेवल्या. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. पण आता साडेपाच वाजले की मी गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसतो, फोन समोरच्या स्टुलावर ठेवतो (पंधरा मिलिमीटर नाही, चांगला हातभर लांब) आणि बघत राहतो. स्क्रीन उजळते. तुझं नाव येतं. फोन थरथरत थरथरत स्टुलाच्या कडेपर्यंत सरकतो, मी बोटाने त्याला मागे ढकलतो. मग स्क्रीन विझते. तू दुसऱ्यांदा करतोस. कधी तिसऱ्यांदा. मग मला कळतं की आता तू उतरायला लागला असशील, अंधार व्हायच्या आत. तू घरी पोचला असशील एवढा वेळ मी तिथेच बसतो आणि मग आत जातो. गुलजार विचारत नाही. परवा फक्त म्हणाली की हिरामणभाईंना कुणीतरी सांगा हो, खुर्ची रोज भरलेली असते.

परवा पाळी सुटायच्या वेळी मी गेटवर गेलो होतो. काम काही नव्हतं. आपल्या प्रेस शॉपचं, जिथे दिवसभर पत्रा ठोकला जायचा, आता गोडाऊन झालंय, आत कागदी खोके आहेत, टपरीवाला सांगत होता. भोंगा वाजवत नाहीत आता. सगळे हजेरीला अंगठा लावतात आणि मान खाली घालून फोन बघत बाहेर पडतात. मी कोपऱ्यावर उभा राहून सगळी माणसं जाईपर्यंत बघितली. तू डबा हलवत येशील असं थोडंच होतं! पण शेवटचा माणूस गेल्यावरसुद्धा वॉचमनने दार ओढेपर्यंत मी थांबलो.

तेव्हा वहिनींना सांग, नौशादभाईने शास्त्रीय कारणाने फोन बंद ठेवला होता. तब्येतीला जप. थंडी वाढली आहे, टेकाडावर जाऊ नकोस. गुलजारचा तुम्हा दोघांना दुवा, खुशनुमाचा नमस्कार. लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते माझं, बरं झालं असेल तर सटाण्याच्या आमच्या मराठी शाळेचं.

तुझाच,
नौशाद

ता. क. : पाकीट बंद करायच्या आधी गुलजारने पत्र वाचून घ्यायला लावलं. खुशनुमाने वाचलं आणि मोठ्याने हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, ‘‘अब्बा, व्याख्यान पाच तारखेला झालं. तुम्ही फोन उचलणं बंद केलं तीन तारखेला. हिरामणचाचांना ही चूक सापडेल.’’ इन्स्पेक्शनवाल्याची पोरगी! सापडण्याआधी मीच सांगतो.

माझा उजवा कान गेलाय, हिरामण. डावा अर्धा आहे. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली, सप्तशृंगीच्या गडाच्या पायऱ्यांसारखी उतरत गेलेली. म्हणाले, यंत्रांच्या आवाजाने होतं, वर्षानुवर्षांचं आहे. घरी येऊन गुलजारला सांगितलं तर ती म्हणाली, मला माहीत आहे, मी तीन वर्षं ओरडून बोलतेय. मला वाटायचं ती चिडते. प्रेस शॉपमध्ये आपण कुठे कानाने बोलायचो? तुझे हात, तुझे ओठ, भुवया, त्यावरून मला सगळं कळायचं. समोर असलास तर आजही कळेल. फोनवर फक्त आवाज असतो, आणि तोच मला येत नाही. गेलं वर्षभर तू बोलायचास आणि मी अंदाजाने ‘हो’, ‘बरोबर’, ‘अरे वा’ म्हणायचो. तुझा आवाज वर गेला की हसायचो, खाली आला की ‘चालायचंच’. तू आहेस एवढं कळायचं, तेवढं पुरायचं.

ऑक्टोबरात, भाताच्या कापणीत, एकदा तू बराच वेळ बोललास. मला ‘चिमणा’ कळलं आणि ‘बांधावर’ कळलं. मला वाटलं, वहिनींनी बांधावर स्ट्रॉबेरी लावली. मी म्हणालो, ‘‘वा वा! फार छान झालं! एकाच बाजूला का, दोन्ही बाजूला होऊन जाऊ दे!’’ मग फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली. त्यानंतर दहा-बारा दिवस तू रोज पायाबद्दल सांगत असणार आणि मी रोज ‘अरे वा’ म्हणत असणार. तीन नोव्हेंबरला पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, रांगेत देवराम भेटला, त्याने सांगितलं की वहिनी बांधावर घसरून पडल्या आणि पाय मोडला. मी रांग सोडून बाहेर पायरीवर बसलो. ज्या माणसाने तुझ्या बायकोचा दुसरा पायही मोडायला सांगितला, तो कुठल्या तोंडाने फोन उचलणार? दोन दिवसांनी ते कोटवाले आले आणि मला अब्रूदार कारण मिळालं. हिरामण, माफ कर. वहिनींची माफी तोंडाने मागेन, लिहून नाही.

ता. क. दुसरा : गुलजार म्हणते, अर्धवट सांगू नका. तेव्हा हेही. देवराम त्या दिवशी पुढे काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहितो. ‘‘हिरामण सांगत व्हता, नौशादभाईला फोनवर सांगितलं तर लय हळहळला. दहा वेळा विचारलं, वहिनी कशा हायेत म्हणून.’’ मी दहा वेळा काय, एकदाही विचारलं नाही. मी काय म्हणालो ते वर लिहिलंच आहे. पाच आठवडे मी हे वाक्य उलटसुलट करून बघतोय. एक तर तू माझी लाज राखायला देवरामला खोटं सांगितलंस. नाहीतर (माझं टेबल प्रेसपासून पंधरा फुटांवर होतं, तू अठ्ठावीस वर्षं प्रेसवरच उभा होतास) त्या दिवशी तुलाही काही ऐकू आलं नव्हतं, आणि त्या टेकाडावर तूही माझ्यासारखाच अंदाजाने ‘हो, हो’ म्हणत होतास.

रविवारी २१ तारखेला सकाळच्या सुरगाणा गाडीने निघतोय. गुलजार गुडघ्यांसकट बरोबर आहे. कानाच्या डॉक्टरांकडे खुशनुमाने दोघांची नावं लिहून ठेवली आहेत, तेव्हा येताना तुला घेऊनच येणार. पण त्याआधी मला समोर बसवून दोन्हीपैकी खरं काय ते सांग. उत्तर फोनवर देऊ नकोस.